काट्याची कीर्द

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी उज्जैनला मामांकडे जाते. तिथला माधव नगर हा भाग सगळे जण फ्रीगंज म्हणूनच ओळखतात. शिंदे सरकारच्या काळी वसलेल्या या पेठेत टॉवर चौकातले घड्याळ आहे, रात्री उशिरापर्यंत चालणारी दुकाने आहेत आणि आतल्या एका गल्लीत माझ्या मामांचे तोलकाटे दुरुस्त करण्याचे छोटेसे दुकान आहे. मामांपाशी दुरुस्तीचा सरकारी परवाना आहे. भिंतीला टांगलेल्या जुन्या पितळी तराजूखाली मुद्रा मारलेली लोखंडी वजने ओळीने मांडलेली असतात. लहानपणी त्या वजनांवर बसून मी आंबे खाल्ले आहेत.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. शिक्षण मराठी शाळेत झाले, शेजार कन्नड, आणि आता कॉलेजात इंग्रजी पुस्तके. विजेच्या उपकरणांशी माझा संबंध दिव्याचे बटण दाबण्यापुरता. तरीही गेल्या सुट्टीतला एक महिना मी एका घरगुती यंत्राची स्मरणशक्ती वाढवण्याच्या खटपटीत घालवला. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे. वाणिज्याच्या मुलीने असल्या विषयावर काय लिहावे, असे वाचकांना वाटेल. मलाही पहिले तीन दिवस तसेच वाटत होते.

त्याचे असे झाले. मामांच्या ओळखीच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे शंभर किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. एप्रिल-मे म्हणजे माळव्यात गव्हाच्या खरेदीचे दिवस. पन्नास-पन्नास किलोंची पोती काट्यावर चढत, आणि काट्यापाशी बसलेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बटण दाबून आकडा पक्का करी आणि वहीत लिही. महिनाअखेर वहीतली बेरीज आणि गोदामातला माल जुळेना. दर वेळी माल कमी भरायचा. फरक मोठा नव्हता, पण तो नेहमी एकाच बाजूला होता.

व्यापाऱ्याने आधी मामांना बोलावले. मामांनी काट्यावर वजने ठेवून पाहिली, एकदा नव्हे, पन्नास वेळा. आकडा बरोबर. "काट्यात काही दोष नाही," असे सांगून मामा परत आले. काट्यात दोष नाही म्हणजे दोष माणसात असणार. त्या मुलाच्या पगारातून पैसे कापले गेले आणि त्याला काट्यावरून उठवून पोती उचलायला लावले. तो मुलगा एका संध्याकाळी दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. मोठ्याने काही बोलला नाही. एवढेच म्हणाला, "काकाजी, कभी-कभी काँटा खुद ज़्यादा बोलता है। मैंने देखा है।"

मामा त्या रात्री नीट जेवले नाहीत. मामी म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम केलंत. त्यात तुमचा काय दोष?" मामा म्हणाले, "माझ्या एका वाक्यावर पोराला चोर ठरवलंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यापाऱ्याला बदली काटा दिला आणि तो काटा उचलून दुकानात आणला. परवानाधारक म्हणून मुद्रा तोडून तो उघडण्याचा अधिकार त्यांना होता. मात्र दुरुस्तीनंतर वैध मापन खात्याकडून पुन्हा पडताळणी व मुद्रांकन झाल्याशिवाय तो काटा व्यापारात वापरता येत नाही.

इथे माझा मामेभाऊ पुढे आला. दादा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने स्वतः एक लॉजिक अॅनलायझर बनवला होता. हे काय असते, ते मला समजले तसे सांगते. काट्याच्या पोटात तारांवरून सतत एक आणि शून्य असे निरोप धावत असतात. तारेवर दाब असला की एक, नसला की शून्य. लॉजिक अॅनलायझर त्या तारांवर नजर ठेवतो, कोणत्या क्षणी कोणती तार वर होती आणि कोणती खाली, हे लिहून ठेवतो आणि मग पडद्यावर त्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या रेघा काढून दाखवतो. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने 1973 साली असे यंत्र बाजारात आणले. दादाचे यंत्र 2021 मध्ये निघालेल्या रास्पबेरी पाय पिको नावाच्या बोटभर लांबीच्या पट्टीवर उभे होते. कंपनीच्या महागड्या यंत्राच्या मानाने त्याचा खर्च किरकोळ.

अडचण एकच होती. त्याची स्मरणशक्ती फार तोकडी. पिकोमध्ये 264 किलोबाइट स्मृती असते. प्रोग्रामला लागणारा भाग सोडून दादाने नोंदींसाठी दोन लाख बाइट ठेवले होते. यंत्र दर सेकंदाला दहा लाख वेळा तारांकडे पाही आणि प्रत्येक वेळी एक बाइट लिही. हिशेब सोपा आहे. दोन लाखाला दहा लाखांनी भागा. एका सेकंदाचा पाचवा भाग झाला की वही भरली! आणि आमचा चोर दिवसातून एखाद्या वेळी येणारा.

दादाने नेहमीचे उपाय केले. आम्हाला पाहायच्या तारा तीनच होत्या : एक घड्याळाची, एक माहितीची आणि एक बटणाची. तीन तारांना तीन बिट पुरतात, म्हणून त्याने एका बाइटमध्ये दोन-दोन नोंदी बसवल्या. वेळ दुप्पट झाला. मग त्याने पाहण्याचा वेग दहापट कमी केला. चार सेकंद मिळाले. आणखी कमी करावा तर घड्याळाच्या तारेवरचा ठोका जेमतेम वीस मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी वीस. डोळे मिटून उघडेपर्यंत ठोकाच निसटायचा. सगळे थेट लॅपटॉपकडे धाडावे तर सेकंदाला दहा लाख बाइट त्या बारीक यूएसबीच्या वाटेने सुखरूप जातील याचा भरवसा नाही, आणि दहा तासांत छत्तीस गिगाबाइटचा ढीग व्हायचा. दादा डोके धरून बसला.

मी शेजारी बसून कैऱ्या चिरत होते. त्याच्या पडद्यावर आकड्यांची रांग दिसत होती. शून्य, शून्य, शून्य, शून्य... खाली कितीही गेले तरी शून्यच. मी सहज विचारले, "दादा, हे काय लिहिलंय एवढं?"

"काही नाही झालं, ते लिहिलंय."

"काही झालं नाही तर लिहायचं कशाला?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटले, "आमच्या कीर्दीत असं कुणी लिहिलं तर सर वही फेकून देतील. सकाळी दहा वाजता व्यवहार नाही, दहा वाजून एक मिनिटाने व्यवहार नाही, असं कुणी लिहितं का? व्यवहार झाला की तारीख घालायची आणि लिहायचं. दोन तारखांच्या मध्ये काही नाही, म्हणजे काही झालं नाही."

वाचकहो, यात माझी हुशारी काही नव्हती. पुस्तपालनाच्या पहिल्या धड्यात जे शिकवतात तेच मी बोलले. पुढे दादाने शोधून सांगितले की इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनाही ही युक्ती जुनीच ठाऊक आहे. व्हॅल्यू चेंज डंप नावाची फक्त बदल नोंदवणारी लिहिण्याची पद्धत 1995 च्या व्हेरिलॉग मानकात दिलेलीच आहे. दादाला ती पुस्तकात भेटली होती, पण त्या दिवशी आठवली नव्हती. मला मात्र एक गंमत वाटली. कॉलेजात आम्ही 'जर्नल' म्हणतो, घरी शेजारच्या अज्जी हिशेबाला 'लेक्क' म्हणतात, पण त्या क्षणी माझ्या तोंडी शब्द आला तो शाळेतला 'कीर्द'. शब्द बदलला असता तर विचार सुचला असता की नाही, कोण जाणे.

मग आम्ही दोघांनी मिळून काट्याची कीर्द बांधली. प्रत्येक नोंद चार बाइटची, म्हणजे बत्तीस बिटांची. तीन बिट तारांच्या नव्या स्थितीला आणि उरलेले एकोणतीस बिट मागच्या बदलापासून गेलेल्या मायक्रोसेकंदांना. एकोणतीस बिटांत जवळजवळ नऊ मिनिटांची शांतता मावते, तेव्हा रकाना अपुरा पडण्याची भीती नव्हती. आता बदल किती होतात ते मोजले. काट्यात एचएक्स 711 नावाची चिप होती. वजनाच्या दाबाने पट्टीत निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतदाब ती चोवीस बिटांच्या आकड्यात मांडते. सेकंदाला दहा वेळा आकडा तयार होतो. तो वाचण्यासाठी घड्याळाच्या तारेवर पंचवीस ठोके द्यावे लागतात. प्रत्येक ठोक्याला एकदा वर, एकदा खाली, म्हणजे पन्नास बदल. माहितीच्या तारेचे जास्तीत जास्त पंचवीस धरले तर एका वाचनाला पंचाहत्तर, सेकंदाला साडेसातशे. चाराने गुणले की तीन हजार बाइट.

कुठे दहा लाख आणि कुठे तीन हजार! त्याच दोन लाख बाइटांत आता एक मिनिटाहून अधिक काळ मावू लागला, तोही ठोक्याची बारीक लांबी न गमावता. पण खरी मौज पुढेच होती. सेकंदाला तीन हजार बाइट म्हणजे यूएसबीला अगदीच हलके ओझे. ते जसेच्या तसे लॅपटॉपकडे धाडता येत होते. दहा तासांचे सुमारे अकरा कोटी बाइट होतात, म्हणजे एखाद्या चित्रपटाच्या फाइलपेक्षाही कमी. वही मोठी करण्यासाठी आम्ही धडपडत होतो. लेखन आटोपशीर केल्यावर वहीच्या आकाराचा प्रश्नच उरला नाही.

एक भीती मात्र मला होती. वाटेत नोंदी हरवल्या तर? कीर्दीच्या प्रत्येक पानाखाली बेरीज मांडून ती पुढच्या पानावर नेतात, तशी दर हजार नोंदींनंतर आतापर्यंतच्या नोंदींची संख्या आणि एकूण वेळ लिहावी, असे मी सुचवले. दादा आधी हसला, पण त्याने केले. बरे झाले. पहिल्याच रात्री तीन ठिकाणी बेरीज तुटली. लॅपटॉप मध्येच डुलकी घेत होता. त्याची झोप बंद केल्यावर बेरजा जुळल्या. मग दादाने दुसऱ्या एका पिकोवरून माहीत असलेल्या लांबीचे ठोके सोडून आमची नोंद त्याच्याशी ताडून पाहिली. मी त्याला तेरीज पत्रक म्हणू लागले आणि त्याने तोच शब्द प्रोग्राममध्ये लिहिला.

काट्यावर वीस-वीस किलोंची दोन आणि दहाचे एक अशी मुद्रा मारलेली वजने ठेवली आणि रात्रभर नोंद चालू ठेवली. सकाळी आम्ही धावत खाली गेलो. दहा तासांची कीर्द तयार होती आणि तिच्यात एकही चूक नव्हती! साडेतीन लाखांहून अधिक वाचने, सगळी शहाण्यासारखी. दुसऱ्या रात्रीही तेच. दादाने तारा काढायला सुरुवात केली. "पप्पांचंच खरं आहे. काटा चांगला आहे," तो म्हणाला. मामा काही बोलले नाहीत. मला तो पायरीशी उभा राहिलेला मुलगा आठवला. महिनाभर काट्यापाशी बसलेल्या माणसाने "मी पाहिले आहे" म्हटले होते आणि आम्ही ते ऐकून सोडून दिले होते.

त्या दिवशी रविवार होता. मामा मला वेधशाळा दाखवायला घेऊन गेले. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा पुढे मोडकळीस आली होती. 1923 साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे ज्योतिर्विद तिचे पहिले अधीक्षक झाले. सम्राट यंत्राच्या कठड्यावर सावली सरकत होती. मामा म्हणाले, "हे यंत्र कधी चुकत नाही. पण पाहणारा जवळ नसला तर त्याचा काय उपयोग? वेध घ्यायला माणूस लागतो."

परतताना रिक्षात मला एकदम जाणवले. दोन्ही रात्री काट्यापाशी माणूस नव्हता. तिसरी तार, बटणाची, आमच्या कीर्दीत दोन्ही रात्री एकदाही हलली नव्हती. मामांनी पन्नास वेळा वजन ठेवून पाहिले, तेव्हा त्यांनीही आकडा नुसता डोळ्यांनी वाचला होता. बटण दाबणारा एकच होता.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः जाऊन त्या मुलाला घेऊन आले. तो आत यायला तयार नव्हता. मामींनी पन्हे दिले तेही त्याने उभ्यानेच प्यायले. मामांनी त्याला आपली खुर्ची दिली आणि म्हणाले, "जैसे वहाँ करते थे, वैसे ही करो।" तो बसला. आकडा स्थिर झाला की बटण दाबायचे, वाचायचे, पुन्हा दाबून सोडायचे. प्रत्येक खेपेला तो कागदावर एक रेघ ओढी आणि पाचवी आडवी काढी. 50.00. 50.00. 50.00. तास गेला, दीड तास गेला. आम्ही त्याच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होतो. मध्ये वीज गेली की काय होईल, या काळजीने दादा सारखा पंख्याकडे पाही.

चारशे अकराव्या रेघेला आकडा आला 51.36. मुलाने बोट बटणावरून काढले नाही. "देखो," एवढेच तो म्हणाला.

दादाने कीर्दीत ती वेळ काढली. पडद्यावरच्या रेघा माझ्यासारखीलाही कळाव्यात इतक्या स्पष्ट होत्या. बटणाची तार खाली आली होती. नेमके त्याच वेळी एका आकड्याचे वाचन निम्म्यावर होते. घड्याळाच्या तारेवरचे सगळे ठोके वीस मायक्रोसेकंदांचे, आणि हा एकच एकशे चाळीसचा. त्यानंतर माहितीची तार वर गेली ती वरच राहिली.

अर्थ असा. बटण दाबले की काट्यातला प्रोग्राम हातातले काम टाकून बटणाकडे धावतो. आकडा वाचता वाचता, ठोका वर असतानाच तो उठून गेला, तर तार तशीच वर राहते. आणि त्या चिपचा नियम असा, की घड्याळाची तार साठ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त काळ वर राहिली, तर ती बंद होण्याचा हुकूम समजून झोपी जाते. तिच्या माहितीपत्रकात हे छापलेलेच आहे, तेव्हा चिपकडे दोष नव्हता. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने वाचन चालू असताना बटणाला थांबवायला हवे होते. झोपलेल्या चिपची तार वर असल्याने उरलेली सगळी घरे एकने भरली जातात. शून्यांच्या जागी एक आले की आकडा वाढणारच, कमी कधीच होणार नाही. तो चुकीचा आकडा आठ वाचनांच्या सरासरीत मिसळतो, आणि त्याच क्षणी बटण ती सरासरी पक्की करते. चूक नेहमी एकाच बाजूला का जात होती, हे त्या एका रेघेने सांगितले. शेतकऱ्याकडून घेताना वजन कधीतरी जास्त लिहिले जाई आणि गोदामात माल तेवढा कमी भरे. चोरी कुणीच केली नव्हती.

मामांनी त्याच दुपारी व्यापाऱ्याला बोलावले आणि सगळे त्याच्यासमोर मांडले. शेवटी म्हणाले, "काँटा ठीक है, ये मैंने कहा था। गलती मेरी थी।" पन्नाशी उलटलेल्या आणि आयुष्यभर काट्यांत घालवलेल्या माणसाने एका पोराच्या देखत हे म्हणणे सोपे नव्हते. व्यापारी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. त्याला रेघा कळल्या की नाहीत ठाऊक नाही, पण मामांचे बोलणे कळले. कापलेले पैसे त्याने त्या आठवड्यात परत केले. माफी मागितल्याचे मात्र मी ऐकले नाही. बनवणाऱ्याकडून काट्याची नवी पाटी आली, ती बसवून फेरपडताळणी झाली, मुद्रा लागली आणि मुलगा पुन्हा काट्यावर बसला.

आता मामांनी एक नवा नियम केला आहे. दुरुस्तीला आलेला काटा तपासताना ते तो वापरणाऱ्यालाच खुर्चीवर बसवतात आणि तो कसा वापरतो ते आधी पाहतात. दादाचा प्रकल्प कॉलेजात मान्य झाला. त्याच्या अहवालात 'तेरीज' हा शब्द पाहून परीक्षकांनी अर्थ विचारला, असे त्याने फोनवर सांगितले.

मी निघायच्या आदल्या दिवशी तो मुलगा दुकानात आला होता. दादाने त्या एकशे चाळीस मायक्रोसेकंदांच्या रेघेचा कागद छापला होता, तो त्याने मागून घेतला. मी विचारले, "यह पढ़ना आता है?" त्याने मान हलवून नाही म्हटले, कागदाची चौपदरी घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली. मग पेन काढून आमच्या टेबलावर पडलेल्या रेघांच्या कागदावर, चारशे अकराव्या रेघेभोवती, त्याने एक गोल काढला.